टाकीपासून कार्बोरेटरपर्यंत

(दृश्य: वागळे इस्टेट, सकाळ. अर्धवट उघडलेलं शटर. आत लाल एमजीबी, बॉनेट वर.)

ठाण्याची वागळे इस्टेट. आपली एमआयडीसी 1962 साली सुरू झाली ती इथूनच. आणि समोर उभी आहे ती एमजीबी, हे मॉडेलही 1962 सालचंच. इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात ही गाडी बनायची. 1798 सीसीचं इंजिन आणि त्याला पेट्रोल पुरवणारे एसयू कंपनीचे दोन कार्बोरेटर.

मालकांची तक्रार साधी आहे. सकाळी एका किल्लीत चालू होते, माजिवड्यापर्यंत मस्त पळते. घोडबंदर रोडला गायमुखचा चढ लागला की झटके मारायला लागते आणि बंद पडते. थोडा वेळ उभी केली की पुन्हा चालू.

अशा वेळी बहुतेकांचा हात आधी कार्बोरेटरवर पडतो. जेट काढा, सुई बदला, ट्यूनिंग करा. यातून चांगल्या जुळवलेल्या गाड्या बिघडतात, हे मनापासून सांगावंसं वाटतं. इथले मिस्त्रीकाका हाताखालच्या मुलाला म्हणतात, "बाळा, आधी करंट बघ. मग पेट्रोल."

त्याला कारण आहे. प्लगना करंट वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरमधला कंडेन्सर गरम झाल्यावर दगा देतो आणि गाडी अशीच बंद पडते. करंट की पेट्रोल, याचा निवाडा फ्लोट चेंबरमध्ये, म्हणजे कार्बोरेटरमधल्या पेट्रोल साठवणाऱ्या छोट्या भांड्यात होतो. गाडी बंद पडली की किल्ली बंद करायची, इंजिन निवू द्यायचं, आग विझवायचा सिलिंडर हाताशी ठेवायचा आणि चेंबरचं झाकण उघडायचं. पेट्रोल भरलेलं असेल तर करंट तपासा. या गाडीत तळाला जेमतेम ओल होती.

(दृश्य: गाडीच्या पोटाखाली, मागच्या उजव्या चाकाजवळचा पंप.)

आता कान द्या. किल्ली फिरवली की एसयूचा पंप टकटक करतो. चेंबर भरत आले की टकटक मंदावते आणि थांबते. अजिबात आवाज नसेल तर आतले पॉइंट जळलेत किंवा अर्थिंग गेलंय. पावसाळ्यात चाकाचा सगळा चिखल इथेच उडतो, त्यामुळे अर्थची तार आधी घासून घ्यावी. टकटक न थांबता चालूच राहिली, तर टाकीकडच्या पाइपातून पंप हवा ओढतोय, किंवा पुढे कुठेतरी गळती आहे.

इथे पंप ठीक वाजतोय. मग कार्बोरेटरकडचा पाइप सोडून बाटलीत धरला. आधी जोरदार धार आली, मग ती बारीक होत गेली आणि शेवटी थेंब थेंब. टाकीचं झाकण उघडलं, तरी फरक नाही, म्हणजे झाकणाचं भोक बुजलेलं नाही. पंपाकडून पाइप सोडून टाकीच्या दिशेने हवा मारली, तेव्हा धार परत आली.

चोर टाकीत होता. पेट्रोल बाहेर काढून काचेच्या बरणीत ओतलं.

(दृश्य: बरणी, अगदी जवळून.)

वर पिवळसर पेट्रोल. खाली वेगळा, गढूळ थर. त्याच्याही खाली तपकिरी गंजाचे पापुद्रे, नखाएवढे. चढावर इंजिन जास्त पेट्रोल मागतं, तेव्हा हे पापुद्रे ओढीने पाइपाच्या तोंडाला चिकटतात. ओढ थांबली की गळून पडतात. गाडी थोड्या वेळाने आपोआप चालू व्हायची ती यामुळे.

गंज आला कुठून? खाडीकाठची दमट हवा आणि पावसाळाभर अर्ध्या टाकीवर उभी राहिलेली गाडी. त्यात आता पेट्रोलमध्ये इथेनॉल आहे, 2025 सालात आपण 20 टक्क्यांवर पोहोचलो. इथेनॉल पाणी ओढून घेतं. पाणी फार झालं की दोघं मिळून तळाला बसतात, तोच बरणीतला गढूळ थर. शिवाय जुन्या रबराचे पाइप ते मऊ करतं. या गाडीचा एक पाइप बाहेरून ठणठणीत दिसत होता. कापल्यावर आतून चिकट, काळा निघाला.

म्हणून टाकी उतरवून साफ केली, पाइप इथेनॉल सोसणारे घातले, चेंबरमध्ये येणारं पेट्रोल अडवणाऱ्या फ्लोटच्या सुया व्हायटनच्या, म्हणजे इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्या टोकाच्या बसवल्या. पंप मात्र जुनाच ठेवला, आणि हे योग्यच झालं. या कार्बोरेटरला साधारण 3 पीएसआय दाब पुरतो. नव्या इंजेक्शन गाडीचा पंप लावला तर फ्लोटची सुई तो दाब अडवू शकत नाही, पेट्रोल गरम इंजिनवर सांडतं. आग लागायला तेवढं पुरे.

कार्बोरेटरला हात लागला तो सगळ्यात शेवटी. वजनाने मोजलं तर साध्या पेट्रोलच्या एका भागाला हवेचे 14.7 भाग लागतात, इथेनॉलला फक्त 9. त्यामुळे जुनी सेटिंग आता पातळ पडते, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं, प्लग पांढरे येतात. पेट्रोल थोडं वाढावं म्हणून काकांनी जेटचा नट थोडा खाली घेतला, गाडी फिरवून आणली, प्लग काढून पाहिले आणि नट आणखी थोडा खाली घेतला.

टाकीतला बारीक गंज अजून काही दिवस येत राहील. म्हणून पंपाच्या आधी पारदर्शक फिल्टर बसवलाय. मालकांना निघताना काकांनी एवढंच बजावलं: "साहेब, फिल्टर लाल दिसला की लगेच बदला. आणि पावसाळ्यात उभी करणार असाल, तर टाकी फुल करून ठेवा."