लाल, पिवळा, निळा, हिरवा: विषाची खूण शिकवणारा मोबाइल

[पडद्यावर: कपाशीचं शेत. बांधावर कीटकनाशकाची बाटली.]

2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा झाली. 20 पेक्षा जास्त शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो जण दवाखान्यात दाखल झाले. या बाटल्या शेतकऱ्याच्या घरात असतातच आणि मुलं त्यांच्या आसपास वावरतात. त्यामुळे लेबलवरची खूण मुलांना शाळेतच वाचता यायला हवी. छापील कार्डं आणि मोबाइल वापरून ती वर्गात कशी शिकवायची, ते पाहू.

ती खूण म्हणजे टोकावर उभा केलेला चौकोन. वरच्या अर्ध्यात इशारा, खालच्या अर्ध्यात रंग. लाल रंगावर कवटी, हाडं आणि ‘विष’ हा शब्द. पिवळ्यावर ‘विष’च, पण कवटी नाही. निळ्यावर ‘धोका’, हिरव्यावर ‘सावधान’. रंग ठरतो प्राण्यांना तोंडावाटे आणि कातडीवाटे विष देऊन केलेल्या चाचण्यांवरून. तोंडावाटे दिलेल्या ज्या मात्रेनं निम्मे उंदीर मरतात, ती वजनाच्या दर किलोमागे 50 मिलिग्रॅमपर्यंत असेल तर लाल, 500 पर्यंत पिवळा, 5000 पर्यंत निळा, त्यापुढे हिरवा. दिवसभर फवारताना कातडीतून आणि श्वासातून किती विष अंगात जातं, हे या रंगावरून कळत नाही. हिरवा म्हणजे निर्धोक, असं मुलांना कधीही सांगू नका.

[पडद्यावर: कार्डावर मोबाइल धरलेला. कार्डावर माणसाची आकृती उभी राहते.]

ऑगमेंटेड रिॲलिटीचं ॲप कार्डावरचं चित्र ओळखतं आणि त्यावर त्रिमितीय आकृती उभी करतं. अडचण इथेच येते. अशा ॲपमागची एआरकोअर ही गूगलची प्रणाली चित्र ओळखताना रंग बघतच नाही, फक्त उजेड-अंधारातले बारकावे टिपते. नुसता चौकोन छापला, तर कॅमेऱ्याला धरायला फारसं काही उरत नाही आणि एका रंगाच्या जागी दुसऱ्याची आकृती उभी राहू शकते.

म्हणून प्रत्येक चौकोनाभोवती दाट, वेगळं रेखाचित्र काढा: विहीर, बैलगाडी, बाभळ, घरं, दर कार्डावर निराळी मांडणी. एकसारखी वेलबुट्टी नको, तिनं कॅमेरा फसतो. पिकांची चित्रंही नकोत, नाहीतर कापूस म्हणजे लाल, असं मुलांच्या डोक्यात बसतं. एआरकोअरच्या तपासणी साधनात चित्राला 100 पैकी किमान 75 गुण मिळाले की मगच छपाईला द्या. चित्र निदान 15 बाय 15 सेंटिमीटरचं, कागद सपाट आणि बिनचकाकीचा. लॅमिनेशन केलं तर ट्यूबलाइटची तिरीप पडून ओळख तुटते. ओळख पटेपर्यंत कार्डानं कॅमेऱ्याची किमान पाव चौकट भरायला हवी; मुलं फोन फार लांब धरतात.

फोन एआरकोअर चालणाराच हवा, स्वस्तातले अनेक फोन चालत नाहीत. ‘गूगल प्ले सर्व्हिसेस फॉर एआर’ नेटवर्क असलेल्या ठिकाणी आधीच उतरवून घ्या. चित्रं ॲपमध्येच साठवली असतील, तर वर्गात ओळखायला इंटरनेट लागत नाही.

[पडद्यावर: आकृतीचा डोळा जवळून.]

लाल कार्डावरची आकृती ऑर्गॅनोफॉस्फेट या कीटकनाशकांच्या गटानं होणाऱ्या विषबाधेची लक्षणं दाखवते. डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते. घाम, लाळ, पाणावलेले डोळे. दंडाचे स्नायू फडफडतात, मग श्वास जड होतो. प्रत्येक लक्षणापाशी चित्र थांबवा आणि पुढे काय करायचं ते मुलांना विचारा. उत्तरं अशी यायला हवीत: मोठ्या माणसांना हाक मारायची, 108 ला फोन लावायचा, मोठ्यांनी हातमोजे घालून भिजलेले कपडे काढायचे, अंग साबण-पाण्यानं धुवायचं, उलटी करवायची नाही, लेबल डॉक्टरांना दाखवायचं. विष कोणतं हे कळलं, की उपचार लवकर ठरतो.

रंग आधी मुलानं सांगायचा, मगच फोन उचलायचा. हा क्रम उलटला, तर मुलं आकृतीकडे बघत राहतात आणि खूण डोळ्यांखालून निसटते. वर्गात खरी बाटली आणू नका, रिकामीही नाही. तिच्यात अंश उरलेला असतो.

शेवटी फोन बाजूला ठेवून लेबलची मूळ आकाराची रंगीत प्रत वाटा. नियमानुसार चौकोनानं लेबलचा निदान सोळावा भाग व्यापलेला असतो, म्हणजे छोट्या बाटलीवर तो नखाएवढाही असू शकतो. तो शोधून मुलांनी रंग, शब्द आणि औषधाचं नाव वहीत उतरवायचं.