गटार जोडलं, देश जोडायचा राहिला

या, बसा, पुढे खुर्च्या आहेत अजून. विषय ठरलाय 'वांशिक संघर्ष आणि शांतता वाटाघाटी', पण तासाभरात सगळं जग फिरायचं म्हणजे नुसती नावं घेऊन पुढे जायचं, त्यापेक्षा मी एकच बेट घेतो, सायप्रस, आणि त्यातही बराच वेळ बोलणार आहे ते गटाराबद्दल. हसू नका, खरंच गटाराबद्दल.

बेट भूमध्य समुद्रात, तुर्कस्तानच्या खाली. ब्रिटिश गेले 1960 साली, तेव्हा साधारण पाऊण लोकसंख्येपेक्षा थोडे जास्त ग्रीक आणि 18 टक्क्यांच्या आसपास तुर्क. ग्रीकांमधल्या बऱ्याच जणांना हवं होतं 'एनोसिस', म्हणजे ग्रीसमध्ये विलीन व्हायचं, आणि तुर्कांचं म्हणणं 'तक्सीम'. कोकणातलं कोणी असेल इथे तर हा शब्द ओळखीचा वाटेल, आपल्याकडे खोतीच्या कागदात तक्षीम असते ना, तोच अरबी शब्द, वाटणी. तर एकाला विलीनीकरण हवं, दुसऱ्याला वाटणी, आणि हातात काय आलं तर दोघांनाही नको असलेला स्वतंत्र देश! त्याची घटना म्हणजे भाऊ वेगळे होताना वाट्या-चमचे मोजतात तसली, नोकऱ्या 70-30, सैन्य 60-40, राष्ट्राध्यक्ष ग्रीक, उपराष्ट्राध्यक्ष तुर्क आणि दोघांना नकाराधिकार. बरं यावर ब्रिटन, ग्रीस आणि तुर्कस्तान असे तीन हमीदार.

हे साडेतीन वर्षंसुद्धा टिकलं नाही. आणि मोडलं कशावरून, तर टॅक्सवरून, सैन्यावरून, आणि (हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे) नगरपालिकांवरून. मोठ्या पाच शहरांत दोन्ही समाजांच्या वेगळ्या नगरपालिका घटनेत लिहिल्या होत्या आणि ग्रीक बाजूला त्या नको होत्या. नोव्हेंबर 1963 च्या शेवटी राष्ट्राध्यक्ष मकारिओसने घटनेत 13 दुरुस्त्या सुचवल्या, डिसेंबरमध्ये राजधानी निकोसियात गोळीबार सुरू झाला, आणि एका ब्रिटिश जनरलने नकाशावर हिरव्या पेन्सिलने रेघ मारली. तीच ग्रीन लाइन. मग 1974 च्या जुलैत अथेन्सच्या लष्करशहांनी मकारिओसविरुद्ध बंड घडवून आणलं, पाचच दिवसांत तुर्कस्तानचं सैन्य उतरलं आणि बेटाचा 36 टक्क्यांच्या आसपास भाग त्यांच्या ताब्यात गेला. दीड लाखाहून जास्त ग्रीक घरंदारं सोडून दक्षिणेला आणि चाळीसेक हजार तुर्क उत्तरेला. त्या जुलैत तिथल्या संयुक्त राष्ट्रांच्या फौजेचे प्रमुख आपले जनरल प्रेमचंद होते, आणि त्याआधी जनरल थिमय्या, जे 1965 मध्ये तिथेच वारले. सायप्रसने त्यांच्या नावाचं तिकीट काढलं, आपल्याकडे किती जणांना माहीत असेल कोण जाणे.

आता गटार. निकोसिया शहर मधोमध कापलं गेलं, पण सांडपाण्याला काय ग्रीन लाइन कळते? सांडपाणी शुद्ध करायचा प्लँट उत्तरेच्या ताब्यात आणि घाण बरीचशी दक्षिणेची. दोन्हीकडचे महापौर, लेलोस देमेत्रियादेस आणि मुस्तफा अकिंजी, 1978 मध्ये यावर बोलायला लागले. तिथे नुसत्या नावावरूनही बैठक मोडते हो, दक्षिण उत्तरेला देश मानत नाही, म्हणून तिथले पेपर आजसुद्धा उत्तरेच्या कुठल्याही पदाला अवतरणचिन्हं लावतात, 'राष्ट्राध्यक्ष', 'मंत्री' असं, आणि संयुक्त राष्ट्रांच्या टेबलावर कोणीच राष्ट्राध्यक्ष नसतो, दोघंही फक्त आपापल्या समाजाचे नेते. अशात या दोघांनी काय केलं, तर तू कोण मी कोण हा वादच काढला नाही, पाइप कुठून जाणार तेवढंच ठरवलं, आणि ते चाललं. आजही दक्षिणेचं बरंचसं सांडपाणी ग्रीन लाइन ओलांडून उत्तरेतल्या दोघांच्या प्लँटला जातं! ज्या नगरपालिकेवरून देश मोडला तिचंच गटार काय ते जोडलेलं राहिलं.

का चाललं? लोक म्हणतात दोघं भले माणूस होते. असतील, पण मला ते पटत नाही. भल्या माणसांची वाटाघाट मोडलेली आपण बघतोच पुढे. चाललं याचं कारण 'नाही' म्हणायची किंमत दोघांनाही रोज मोजावी लागणार होती, नाकाने.

आणि याच्या बरोबर उलटं 2004 मध्ये झालं. संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस कोफी अन्नान यांची बेट पुन्हा एक करायची योजना, परिशिष्टं धरून हजारो पानं, 24 एप्रिलला दोन्हीकडे एकाच दिवशी सार्वमत. तुर्की सायप्रियटांनी जवळपास 65 टक्के 'हो' म्हटलं, स्वतःचा म्हातारा नेता देंक्ताश नको नको म्हणत असताना. ग्रीक बाजूला 76 टक्के 'नाही'. आता असं का, तर 1999 मध्येच युरोपियन युनियनने सांगून टाकलं होतं की तोडगा निघाला नाही तरी सदस्यत्व अडणार नाही. म्हणजे 24 तारखेला 'नाही' म्हणा आणि 1 मेला युरोपात जा, तिकीट आधीच कन्फर्म. उत्तरेला मात्र 'नाही' म्हणजे तोच कोंडवाडा, विमान तुर्कस्तानमार्गेच, मान्यता एकट्या तुर्कस्तानची. ग्रीकांची भीती खोटी होती असं मी म्हणत नाही हं, तुर्की सैन्य राहणार, घरं पूर्ण परत मिळणार नाहीत, हे खरंच त्या योजनेत होतं. आणि त्याआधी वीस-तीस वर्षं देंक्ताश पाठीशी सैन्य आहे म्हणून फुकटात 'नाही' म्हणत आलेच होते की.

अकिंजी 2015 मध्ये उत्तरेचे नेते झाले. समोर दक्षिणेचे अनास्तासियादेस, दोघंही लिमासोलकडचे, रस्त्यावर बसून एकत्र कॉफी प्यायले, सगळ्यांना वाटलं आता होणार. 2017 च्या जुलैत स्वित्झर्लंडमध्ये क्रां-मोंतानाला हमीदार आणि सैन्य या मुद्द्यांवर सगळं फिसकटलं. तोच गटारवाला माणूस, बघा.

मध्ये एकदा 2011 मध्ये दक्षिणेत नौदलाच्या तळावर स्फोट झाला, सगळ्यात मोठं वीज केंद्र बंद पडलं, ऐन जुलैचा उकाडा, आणि वीज विकत घेतली उत्तरेकडून. ज्यांना देश मानत नाही त्यांच्याकडून!

शेवटचं सांगतो. दोन्हीकडचे मिळून 2002 लोक बेपत्ता होते, 1510 ग्रीक आणि 492 तुर्क. त्यांचा शोध घेणारी समिती दोन्ही समाजांची आहे, आणि तिच्या कामात एक अट आहे जी पहिल्यांदा ऐकली तर राग येतो, मलाही आला होता, की माणूस कसा मेला आणि कोणी मारला हे समिती सांगणार नाही. फक्त हाडं कोणाची ते. या अटीमुळेच साक्षीदार येऊन खड्डा दाखवतात, आणि हजाराहून जास्त लोकांची ओळख पटली आहे. त्यांची प्रयोगशाळा निकोसियाच्या जुन्या बंद विमानतळाच्या आवारात आहे, 1974 मध्ये दोन्ही सैन्यांच्या मधे पडून प्रेमचंदांनी संयुक्त राष्ट्रांच्या ताब्यात घेतला तोच विमानतळ. धावपट्टीच्या कडेला तेव्हाचं एक ट्रायडंट विमान अजून उभं आहे, सांगाडा नुसता, आणि पलीकडे खोलीत लांब टेबलांवर ग्रीक आणि तुर्क पोरंपोरी एकेक हाड जागेवर लावत बसलेली असतात.

बरं, प्रश्न असतील तर विचारा, आधी कोणीतरी तो पंखा जरा कमी करा.