ह्यूस्टनने ज्यांची हुर्यो उडवली

(दृश्य: रात्रीचं खचाखच भरलेलं स्टेडियम)

४ जानेवारी २००६. कॅलिफोर्नियातलं पॅसाडिना. अमेरिकन कॉलेज फुटबॉलच्या अजिंक्यपदाचा सामना. टेक्सास विद्यापीठ मागे आहे आणि घड्याळात उरलेत १९ सेकंद. क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकून चाल चालवणारा खेळाडू, विन्स यंग. त्याला पास द्यायला कुणी मोकळं दिसत नाही. तो चेंडू छातीशी धरतो, उजव्या कडेने पळत सुटतो आणि थेट रेषेपार! ४१-३८.

यंग मूळचा ह्यूस्टनचा. आणि ह्यूस्टनच्या व्यावसायिक संघाने, टेक्सन्सने, त्याच मोसमात १६ पैकी १४ सामने गमावले होते.

आयपीएलचा लिलाव बघायची सवय असलेल्यांना पुढचं जरा उलटं वाटेल. एनएफएल ही तिथली व्यावसायिक लीग, आणि तिच्या ड्राफ्टमध्ये बोली लागत नाही. जो संघ तळाला, त्याला कॉलेजातून येणाऱ्या खेळाडूंमधून पहिली निवड. म्हणजे ह्यूस्टनला देशातला कोणताही खेळाडू उचलता येणार होता. मग काय, अख्ख्या शहराला वादाचा विषय मिळाला.

एक गट यंगचा: आपला पोरगा, आपल्याच गावात. दुसरा गट रेजी बुशचा. त्या वर्षीचा सर्वोत्तम कॉलेज खेळाडू, एका झटक्यात चार जणांना चकवणारा. तिसरा गट आवाजाने लहान, पण मुद्द्याचा: आधी आपल्या क्वार्टरबॅकला, डेव्हिड कारला वाचवा! संघाच्या पहिल्याच मोसमात, २००२ साली, कारला प्रतिस्पर्ध्यांनी चेंडू सुटण्याआधीच ७६ वेळा आडवं केलं होतं. याला म्हणतात सॅक, आणि तो आकडा लीगचा विक्रम ठरला.

बचावपटू घ्या, असं म्हणणारे मोजकेच.

ड्राफ्टच्या आदल्या रात्री बातमी फुटली. ह्यूस्टनने करार केला होता मारियो विल्यम्सशी. नॉर्थ कॅरोलायना स्टेटचा डिफेन्सिव्ह एंड, म्हणजे कडेने क्वार्टरबॅकवर धावून जाणारा बचावपटू. उंची सहा फूट सात इंच, वजन १३० किलोच्या वर, आणि एवढं धूड असून वाऱ्यासारखं पळणारं. सहा वर्षांचे ५ कोटी ४० लाख डॉलर.

(आवाज: गर्दीची हुर्यो)

संघाचा हिशेब साधा होता. त्यांच्याच गटात इंडियानापोलिस, आणि तिथे क्वार्टरबॅक पेटन मॅनिंग. दरवर्षी दोनदा त्याच्याशी गाठ. त्याला उभं राहायला निवांत वेळ मिळाला की सामना संपला. त्याच्यावर धावून जाणारा कुणीतरी हवा होता.

पण हुर्यो उडवणाऱ्यांना अडाणी म्हणायला मी तयार नाही. त्यांनी यंगला डोळ्यांनी जिंकताना पाहिलं होतं. विल्यम्सबद्दल त्यांच्यापुढे होती उंची, वजन आणि धावण्याची वेळ. आणि डिसेंबरात यंगने जखमेवर मीठही चोळलं. तो आता टेनेसीकडे होता. ह्यूस्टनमध्येच, जादा वेळेत, ३९ यार्ड पळत जाऊन त्याने सामना संपवला. विल्यम्सच्या नावावर पहिल्या मोसमात सॅक जमा झाले साडेचार. (अर्धा सॅक कसा, तर दोघांनी मिळून पाडलं की श्रेय वाटून घ्यायचं.)

पुढच्याच वर्षी १४. त्यानंतर १२. यंगचं तेज मात्र काही वर्षांतच ओसरलं.

या सगळ्या गदारोळात एक निवड कुणाच्या फारशी नजरेत भरली नाही. त्याच ड्राफ्टमध्ये ३३ व्या क्रमांकावर ह्यूस्टनने अलाबामाचा लाइनबॅकर डिमिको रायन्स घेतला होता. त्या मोसमाचा सर्वोत्तम नवा बचावपटू ठरला तो.

(दृश्य: एप्रिल २०११)

पाच वर्षांनी वाद बदललेला. आता बचावपटूच हवा, यावर ह्यूस्टनमध्ये जवळपास एकमत, कारण आधीच्या मोसमात ह्यूस्टनविरुद्ध कुणीही यावं आणि पास फेकत सुटावं, अशी गत होती. प्रश्न एवढाच: कोणता? ११ व्या क्रमांकावर ह्यूस्टनची पाळी आली तेव्हा निक फेअर्ली शिल्लक होता, प्रिन्स अमुकामारा शिल्लक होता. दोघंही गाजलेले.

नाव पुकारलं गेलं: जे. जे. वॉट, विस्कॉन्सिन. आधी दुसऱ्या कॉलेजात टाइट एंड म्हणून, म्हणजे आक्रमणात, खेळलेला, मग तिथली शिष्यवृत्ती सोडून आलेला, मधल्या काळात पिझ्झा पोचवण्याचं काम केलेला. ह्यूस्टनमध्ये जमलेल्या चाहत्यांनी पुन्हा हुर्यो उडवली.

७ जानेवारी २०१२. टेक्सन्सचा इतिहासातला पहिला बाद फेरीचा सामना, घरच्या मैदानावर, सिनसिनाटीविरुद्ध. मध्यंतर जवळ आलेलं. सिनसिनाटीचा क्वार्टरबॅक अँडी डाल्टन पास फेकतो आणि अवघ्या काही फुटांवर उभा असलेला वॉट तो हवेतच, दोन्ही हातांत पकडतो. पुढे २९ यार्ड मोकळं रान. आठ महिन्यांपूर्वी ज्यांनी नाकं मुरडली, ते आता खुर्च्यांवर उभे होते. वॉट पुढे तीनदा वर्षातला सर्वोत्तम बचावपटू ठरला: २०१२, २०१४ आणि २०१५. विल्यम्स तोवर बफेलोला गेला होता.

(दृश्य: २०२३ चा ड्राफ्ट)

आता ह्यूस्टनच्या प्रशिक्षकाच्या जागी कोण? डिमिको रायन्स. दुसऱ्या क्रमांकावर क्वार्टरबॅक सी. जे. स्ट्राउड घेतला, आणि लगेच ॲरिझोनाशी सौदा करून तिसऱ्या क्रमांकावर विल अँडरसन. हाही अलाबामाचा, हाही बचावपटू. या वेळी खेळाडूबद्दल तक्रार नव्हती. भांडण होतं किमतीवरून, कारण त्याच्यासाठी पुढच्या वर्षीची पहिल्या फेरीतली निवडही ॲरिझोनाला देऊन टाकली होती.

अँडरसन सर्वोत्तम नवा बचावपटू ठरला. ह्यूस्टन पुन्हा तळाला जाईल आणि वरचा नंबर आपल्याला मिळेल, ही ॲरिझोनाच्या चाहत्यांची आशा. पण ह्यूस्टन जिंकत सुटलं आणि तो नंबर घसरत घसरत २७ वर गेला. ॲरिझोनाने त्यावर घेतला डॅरियस रॉबिन्सन.

तोही बचावपटूच. त्यावरून काय बोलायचं ते आता ॲरिझोनाचे लोक बघून घेतील.