पाऊल वाजणारे आणि न वाजणारे

श्रोतेहो, नमस्कार. नृत्याविषयी रेडिओवर बोलायचे म्हणजे पंचाईतच. तरी कथकच्या बाबतीत ही अडचण निम्मीच उरते, कारण कथक करणारीचे पाऊल तबल्याच्या जोडीने वाजत असते आणि ते मायक्रोफोनला नीट ऐकू येते. अमेरिकन नर्तकी इसाडोरा डंकनपुढे मात्र रेडिओ हात टेकतो. तिचेही पाय अनवाणीच होते, पण ते वाजत नव्हते.

१८७७ साली सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेली इसाडोरा विसाव्या शतकाच्या आरंभी युरोपच्या रंगमंचावर बूट-मोज्यांशिवाय उभी राहिली, तेव्हा तिथल्या रसिकांना बॅलेची सवय होती. आणि बॅलेतील नर्तकी साटिनच्या बुटात, कापडाचे थर गोंदाने चिकटवून कडक केलेल्या टोकावर सारा तोल सावरते, जणू जमिनीशी तिचे काही देणेघेणेच नाही. इसाडोराला हे शरीरावर लादलेले वाटे. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये ग्रीक कुंभांवरच्या आकृती ती न्याहाळत बसली होती. अंगावर तसाच सैल अंगरखा, मागे साधे पडदे आणि जोडीला शोपँचे किंवा ग्लुकचे संगीत, एवढ्यावर ती चालणे, धावणे आणि झेप घेणे यांतूनच नृत्य उभे करी. बीथोव्हेनच्या सातव्या सिंफनीवर नाचायचे धाडस तिने केले, तेव्हा संगीताच्या जाणकारांच्या कपाळाला आठ्या पडल्या, त्या पायांहूनही या कारणाने अधिक.

आपल्याला या खळबळीचे नवल वाटते. चपला बाहेर काढायच्या, भूमीला नमस्कार करायचा आणि मगच पाऊल उचलायचे, ही आपली रीत. तमाशाच्या बोर्डावर विठाबाई नारायणगावकर पायात चाळ बांधून उभ्या राहिल्या, तेव्हा त्यांचे पाय अनवाणी आहेत हे कोणाच्या ध्यानातही आले नसेल.

मात्र अनवाणी पाय म्हणजे मोकळा पाय, हे समीकरण कथकच्या वर्गात टिकत नाही. मी लहानपणी शिकत असताना थंडीच्या दिवसांत शहाबादी फरशीवर ‘ता थेई थेई तत्, आ थेई थेई तत्’ सुरू झाले की आधी तळव्याला झिणझिण्या येत, मग टाच हुळहुळू लागे, आणि लय दुप्पट झाली की पाऊल पुरते पडले की नुसते आपटले, हे बाई पाठ फिरवून उभ्या असतानाही ओळखत. घुंगरूही जाड सुती दोरीत एकेक गाठ मारून ओवलेले असतात. गाठ सैल झाली की घुंगरू सरकतात आणि बोल गढूळ होतो. सोळा मात्रांचा हिशेब ज्या पायांवर असतो, त्यांना मोकळे म्हणायचे तरी कसे?

म्हणूनच एका गोष्टीचे मला फार दिवस कोडे होते. लच्छू महाराज आणि मोहनराव कल्याणपूरकर यांच्याकडे शिकलेल्या, १९४७ साली पुण्यात ‘नृत्यभारती’ स्थापन करणाऱ्या कथक नर्तकी रोहिणी भाटे यांनी या इसाडोराच्या आत्मचरित्राचा मराठी अनुवाद केला. पिढ्यान्‌पिढ्यांचे व्याकरण हाताशी असलेल्या विदुषीला व्याकरणच धुडकावणाऱ्या बाईत एवढे काय दिसले असेल? आता मला वाटते, की ‘मी हे का करते’ हा प्रश्न दोघींनीही टाळला नाही; एकीने तो बूट काढून विचारला, दुसरीने घुंगरू बांधून.

इसाडोरा म्हटले की लोकांना आठवतो तो १९२७ सालच्या सप्टेंबरात नीस शहरात मोटारीच्या चाकात गुंतून तिचा जीव घेणारा तिच्या गळ्यातला रुमाल. याचा मला थोडा रागच येतो. त्याच वर्षी, तिच्या पश्चात, ते आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. तिच्या नृत्याचे चित्रीकरण जवळजवळ उरलेलेच नाही. आहेत ती छायाचित्रे, चित्रकारांनी केलेली रेखाटने आणि तिचे शब्द. आपल्यापर्यंत मराठीतून ते शब्द आले, ते जिचे पाऊल वाजत होते तिच्या हातून.