मुठीची गोधडी

नमस्कार मंडळी. बोलायला लागण्याआधी हा चाकू पहिल्या रांगेपासून फिरवतो. पातं उघडू नका, धार लावलेली आहे. मूठ तेवढी हातात घेऊन बघा. निळ्या-काळ्या मुठीवर बारीक रेघा दिसतात ना? त्या रंगवलेल्या नाहीत. पत्रिकेत 'मुठीसाठी साहित्य कसं निवडावं' असा विषय छापलाय, तिकडे मी येणारच आहे. पण आधी या रेघांची गोष्ट ऐका.

तुम्ही सगळे डोंगरात जाणारे, तेव्हा पातं, कात्री, चिमटा एकाच मुठीत सामावणारा स्विस चाकू म्हणजे काय हे सांगत बसत नाही. हा ९१ मिलिमीटरचा, १९८६ साली मामांनी मला आणून दिलेला. लाल मुठीचा. ते लाल प्लॅस्टिक सेल्युलोजपासून करतात आणि डासांच्या औषधातलं डीट त्याला सोसत नाही. हरिश्चंद्रगडाच्या एका मुक्कामात माझ्या सॅकमध्ये डासांच्या औषधाची बाटली गळली, चाकू त्याच कप्प्यात. सकाळी काढला तर मूठ गुळाच्या पाकासारखी चिकट, आणि वाळल्यावर तिला तडे गेले.

एका दुकानात घेऊन गेलो. माणसाने हातातही न धरता सांगितलं, "मूठ बदलत नाही, नवा घ्या." त्या वाक्याचा मला आजही राग येतो. पातं शाबूत होतं, कात्री दोरा कापत होती, स्प्रिंग कडक होती. तडा गेला होता तो बाहेरच्या दोन पट्ट्यांना. आणि या चाकूत त्या पट्ट्या रिव्हेटने ठोकलेल्याच नसतात! सांगाड्यावर पितळी रिव्हेटची डोकी वर आलेली असतात, पट्टीच्या पोटात तेवढेच खड्डे असतात. दाबलं की टच्‌कन बसते. पातळ पातं कडेने सरकवून हळूहळू उचललं की निघते. पाच मिनिटांचं काम. मी टूलरूममध्ये तीस वर्षं काढली आहेत, दुरुस्त होणारी वस्तू फेकायला लावणं मला बघवत नाही.

आणि मूठ बदलणं हा काही हौशी लोकांचाच उद्योग नाही. स्विस सैन्याच्या पहिल्या, १८९०च्या नमुन्याला काळसर ओकची मूठ होती. ती तडकायची, तिचे कपचे उडायचे. १९०८च्या नमुन्यात लाकूड गेलं आणि फायबर आलं, १९६१मध्ये ॲल्युमिनियम. चाकूचं काम तेच, हातात लागणारं बदलत गेलं. बरं, ते ॲल्युमिनियमवाले चाकू घरी उघडायला जाऊ नका. त्यांच्या पट्ट्या खरोखरच रिव्हेटने पक्क्या केलेल्या असतात.

तर आता त्या रेघांची गोष्ट. ती सुरू होते एका लुगड्यापासून. आमच्या आजीचं एक इरकली लुगडं होतं, गडद निळं, सुती. ते विरलं तेव्हा आईने त्याची गोधडी शिवली, आणि गोधडी फाटली तेव्हा तिच्या पोटातून ते परत बाहेर आलं. मिकार्टा नावाचं साहित्य तुम्ही ऐकलं असेल, कापडाचे किंवा कागदाचे थर राळेत भिजवून दाबलेले. साधारण १९१०पासून ते वापरात आहे, तेव्हा विजेच्या उपकरणांसाठी. मी म्हटलं, ही तर राळेची गोधडीच. आपण घरी का करू नये?

पहिला प्रयत्न जुलैत केला, तिथेच चुकलो. कापडात दमट हवा मुरलेली. इपॉक्सी, म्हणजे दोन द्रव मिसळले की घट्ट होणारी राळ, घट्ट झालं, पण कानस लावली की पापुद्रे सुटायचे. अर्धा वार कापड गेलं, आणि आजीचं कापड बाजारात मिळत नाही. दुसऱ्यांदा मार्चपर्यंत थांबलो. तुकडे उन्हात वाळवले, वर इस्त्री फिरवली. चौदा थर. प्रत्येक थर दोन्ही अंगांनी इपॉक्सीत भिजवून, फळ्यांना प्लॅस्टिक गुंडाळून, चार सी-क्लॅम्पमध्ये आवळले. कडेने मधासारखी राळ ओघळली. एक दिवस हात लावला नाही.

मग कापून, कानशीने गोलाई देताना ते दिसलं. गोलाई जिथे उतरते तिथे एकेक थर कापला जातो आणि त्याची कड रेघ होऊन वर येते. टोपोशीटवर, म्हणजे नकाशावर, डोंगराची उंची दाखवणाऱ्या समोच्च रेषा असतात ना, अगदी तशा. काठाचा लाल तुकडा मध्ये एका जागी आला होता, तिथे लाल रेघ उमटली. आई तेव्हा होती. तिने अंगठा फिरवला आणि म्हणाली, "काठ ओळखला."

चिठ्ठी आली. पाच मिनिटं? बरं, मग आता भरभर.

लाकूड घ्यायचं तर वर्षभर तरी वाळलेलं. बाभूळ फार चांगली, आपल्या औतांना आणि गाड्यांना ती उगाच वापरत नव्हते. साग तेलकट असतो, चिकटवण्याआधी ॲसिटोनने पुसा, नाहीतर इपॉक्सी धरत नाही. जी-टेन म्हणजे काचेचं कापड आणि इपॉक्सी, सर्किट बोर्डाचं भावंडच. पावसाला, घामाला दाद देत नाही. पण त्याची धूळ फुप्फुसात जाते, म्हणून मास्क लावायचा आणि पाण्यात भिजवूनच घासायचं. मिकार्टालाही तेच. पितळ सुंदर दिसतं, पण खिसा ओढतं. टायटॅनियम हलकं आणि महाग. म्हशीचं शिंग चालतं, हवेप्रमाणे थोडं वाकतं. सांबरशिंग कुणी देऊ केलं तरी घेऊ नका. १९७२च्या वन्यजीव कायद्याने त्याचा व्यापार बंद आहे, आणि जुन्या चाकूंवर ते कितीही देखणं दिसलं तरी ते जंगलातच राहू दे.

साहित्य कुठलंही असो, आधी मापं घ्या. खड्ड्यांची जागा अर्धा मिलिमीटर चुकली तरी पट्टी डुलते. ड्रिलच्या बिटाला टेप गुंडाळून खोलीची खूण करा, म्हणजे भोक आरपार जाणार नाही. चिमट्याची खाच शेवटी कोरा. पहिल्यांदा दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपने चिकटवा, महिनाभर वापरा, मगच इपॉक्सी.

चाकू कुठवर पोचला? तिसऱ्या रांगेत, ताई तुमच्याकडे आहे का? थोडा वेळ राहू द्या हातात. काठ सापडतोय का बघा, अंगठ्याच्या खाली.