कबुली ऐकणारा पाळक

अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातले, तळ्याकाठी वसलेले हे विलमार. झाडांमागे दिसणाऱ्या या इमारतींमध्ये १९१२ साली दारूच्या रुग्णांसाठी सरकारी रुग्णालय सुरू झाले. १९५० मध्ये डॉ. नेल्सन ब्रॅडली अधीक्षक म्हणून इथे आले तेव्हा हे रुग्ण मनोरुग्णांच्या बरोबरीने कुलूपबंद वॉर्डात ठेवले जात. ब्रॅडली आणि मानसशास्त्रज्ञ डॅनियल अँडरसन यांनी त्यांचे उपचार वेगळे केले, दाराचे कुलूप काढले आणि ज्यांची स्वतःची दारू सुटली होती अशा माणसांनाच समुपदेशक म्हणून सोबत घेतले; १९५४ मध्ये राज्य सरकारने त्यांच्यासाठी रीतसर पद निर्माण केले.

त्या उघड्या दारातून १९५५ मध्ये ल्यूथरन या ख्रिस्ती प्रोटेस्टंट पंथाचे पाळक, म्हणजे धर्मगुरू, जॉन केलर आत आले, ते शिकण्यासाठी. उपदेश दारुड्याला आयुष्यभर मिळतच असतो. शपथा घेण्यात आणि त्या मोडण्यात ज्याची उमेद संपली, त्याच्याकडून आणखी एक शपथ घेऊन कोणाचे भले होणार होते?

आता या खोलीकडे पाहा. समोरासमोर दोन खुर्च्या, आणि दार आतून लावलेले. ‘अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस’ या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या परस्पर-साहाय्य संघटनेच्या बारा पायऱ्यांपैकी चौथ्या पायरीवर रुग्ण आपल्या आयुष्याचा हिशेब कागदावर मांडतो: पगाराच्या दिवशी घरी न पोहोचलेले पैसे, मुलांना दिलेला मार, मालकाशी बोललेले खोटे. पाचव्या पायरीवर तो हिशेब त्याला देवापुढे, स्वतःपुढे आणि दुसऱ्या एका माणसापुढे बोलून दाखवायचा असतो. रुग्णालयातल्या पाळकाने तो दुसरा माणूस व्हायचे, मध्ये न बोलता ऐकायचे आणि ऐकलेले स्वतःजवळच ठेवायचे. या पंथाचे प्रवर्तक मार्टिन ल्यूथर यांनी १५२९ च्या आपल्या लघु प्रश्नोत्तरीत, म्हणजे धर्मशिक्षणाच्या छोट्या पुस्तकात, पापाच्या खाजगी कबुलीला जागा दिली होती, त्यामुळे ल्यूथरन पाळकाला ही खुर्ची परकी नव्हती. माणूस स्वतःच्या कर्तबगारीने नव्हे, तर देवाच्या कृपेने तरतो, ही त्या पंथाची मूळ शिकवण. आणि ‘दारूपुढे आपले काही चालत नाही’ ही बारा पायऱ्यांतली पहिली पायरी. केलर यांना हे नाते दिसले, आणि मद्यपी हा आजारी माणूस आहे हे चर्चला पटवून देण्यात त्यांनी आपली उमेदीची वर्षे घातली.

पुढे इलिनॉयमधल्या पार्क रिज इथल्या ल्यूथरन जनरल हॉस्पिटलमध्ये त्यांनी हेच काम केले. पडद्यावर दिसणारे ‘मिनिस्टरिंग टू अल्कोहोलिक्स’ हे त्यांचे १९६६ चे पुस्तक खास पाळकांसाठी आहे. अँडरसन १९६१ मध्ये हेझल्डन या मिनेसोटातल्या व्यसनमुक्ती संस्थेचे प्रमुख झाले आणि विलमारची पद्धत ‘मिनेसोटा मॉडेल’ या नावाने देशोदेशी पोहोचली.

बारा पायऱ्या आज महाराष्ट्रातल्या बैठकांमध्ये मराठीतून वाचल्या जातात, आणि पाचव्या पायरीला तिथेही समोर दुसरा एक माणूस बसलेला असतो.