हाकेच्या अंतरावर दुसरी भाषा

(दृश्य : वाळू. त्यावर एक बोट.)

आधी आडव्या रेघा, मग उभ्या. जाळी तयार झाली. आता बोट वाळूवर टेकलंय आणि ते शेवटपर्यंत उचलायचं नाही. ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्या हातांना हे ओळखीचं वाटेल. फक्त इथे चिमटीतून काही सोडायचं नसतं, वाळूच उकरत जायची. रेघ प्रत्येक कोपऱ्याला वळसा घालते, स्वतःलाच ओलांडते, पुन्हा आत शिरते. मध्ये अडली तर सगळं पुसायचं आणि पहिल्यापासून सुरुवात.

बघता बघता कासव झालं. चित्रासोबत गोष्टही चालू आहे. ती आपल्याला कळत नाही, आणि शेजारच्या बेटावरून आलेल्या या पाहुण्यालाही शब्दन्‌शब्द कळत असेल असं नाही. पण चित्र त्याला कळतंय.

हे वानुआतू. ऑस्ट्रेलियाच्या ईशान्येला, पॅसिफिक महासागरात पसरलेली ८० हून अधिक बेटं. सगळी जमीन एकत्र केली तर जळगाव जिल्ह्यापेक्षा थोडी जास्त भरेल. वस्ती ३ लाखांहून थोडी जास्त. आणि भाषा? २०१५ साली भाषाशास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केलेल्या यादीत त्या १३८ आहेत. माणशी हिशेब केला तर जगात एवढ्या भाषा दुसऱ्या कुठल्याही देशात नाहीत. युनेस्कोने २००३ साली या वाळूतल्या चित्रांना मानवजातीचा वारसा ठरवलं. त्यांच्या नोंदीनुसार देशाच्या मध्य आणि उत्तर भागातले सुमारे ८० भाषागट या चित्रांतून एकमेकांशी बोलतात.

(दृश्य : होडी, मागे सुटत जाणारा किनारा.)

आपण म्हणतो, बारा कोसांवर भाषा बदलते. इथे बारा कोस म्हणजे फार झाले. मालेकुला या एकाच बेटावर ३० हून अधिक भाषा आहेत. आपली होडी मात्र आणखी उत्तरेला, बँक्स बेटांमध्ये आहे. मागे राहिलं ते मोता. समोर दिसतंय ते मोतालावा. इकडच्या किनाऱ्यावरून तिकडचे डोंगर स्वच्छ दिसतात.

मोतावर पाच म्हणायचं असेल तर म्हणतात 'तावेलिमा'. मोतालावावर म्हणतात 'तेवेलेम'.

या दोन्ही शब्दांच्या शेपटाला एक जुना शब्द लटकलेला आहे : 'लिमा'. मलय भाषेत पाच म्हणजे लिमा. फिलिपिन्सच्या तागालोगमध्येही लिमा. मादागास्करमध्ये त्याचं 'दिमी' होतं. हवाईमध्ये 'लिमा' म्हणजे चक्क हात. पाच बोटांचा हात हाच पाचाचा आकडा, आणि तो घेऊन माणसं होड्यांतून अर्ध्या पृथ्वीभर पसरली. ऑस्ट्रोनेशियन म्हणतात ते हे भाषाकुळ. त्याची मुळं तैवानकडे जातात.

वानुआतूला या होड्या लागल्या सुमारे ३,००० वर्षांपूर्वी. एफाते बेटावर तेओउमा इथे २००४ साली त्या काळातली दफनभूमी सापडली, नक्षीच्या मडक्यांसकट. ती माणसं बोलत होती ती एकच भाषा असेल, किंवा एकमेकींना कळणाऱ्या जवळच्या बोली.

मग एकीच्या एवढ्या कशा झाल्या? पुस्तकी उत्तर सोपं आहे : मध्ये समुद्र, मध्ये डोंगर, माणसं तुटली, भाषा वेगळ्या झाल्या. पण या होडीत बसून ते उत्तर पटत नाही.

(दृश्य : होडी किनाऱ्याला लागते. चटया, याम नावाचे कंद, डुक्कर उतरवतात.)

हे बघा ना. ही काय तुटलेली माणसं आहेत? लग्नाचं सामान येतंय. मुलगी एका गावची, मुलगा दुसऱ्या गावचा. घरात दोन भाषा पहिल्या दिवसापासून. शेजारच्या गावाशी देवघेव, त्यामुळे तिसरी. १९९७ पासून या बेटांवर काम करणारे फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ आलेक्सांद्र फ्रांस्वा नेमकं हेच सांगतात. इथे माणसं एकमेकांच्या भाषा जाणून होती, सतत भेटत होती, आणि तरीही आपापल्या गावाचं बोलणं वेगळं ठेवत होती. कुठलंही एक गाव राजधानी नव्हतं. कुणाची भाषा वरची आणि कुणाची खालची, असा प्रकारच नव्हता. आपल्या पाटीवर 'शुद्ध' आणि 'अशुद्ध' लिहून देणाऱ्यांना हे जरा जड जाईल.

वेगळेपण आलं ते अगदी बारीक पावलांनी. ज्या स्वरावर जोर नाही तो गळायचा, पण जाता जाता शेजारच्या स्वराला आपला रंग देऊन जायचा. 'लिमा'तला शेवटचा 'आ' गेला, आणि आधीचा 'इ' वाकून 'ए'सारखा झाला. झालं 'लेम'. मोताने जुने पाच स्वर जपले. मोतालावाच्या म्वोत्लाप भाषेत ते सात झाले. टोकाच्या हिव बेटावर नऊ. प्रत्येक गावाने ही गळती आपल्या पद्धतीने होऊ दिली आणि मग तेच आपलं वळण म्हणून धरून ठेवलं.

दिशांचंही तसंच. या नावाड्याला डावं-उजवं विचारू नका. म्वोत्लाप बोलणारा माणूस समुद्राकडे किंवा डोंगराकडे म्हणतो, आणि किनाऱ्याने जायचं असेल तर 'वर' किंवा 'खाली'. वर म्हणजे आग्नेयेला, कारण वर्षाचा बराच काळ वारा तिकडून येतो आणि त्याच्या तोंडावर होडी नेणं म्हणजे चढणच. घरात बसल्यावरही हेच. ताटातला याम तुझ्या समुद्राकडच्या बाजूला सरकव, असं म्हणतात आणि हात बरोबर तिकडेच जातो.

(दृश्य : म्हाताऱ्या माणसाचा चेहरा, अगदी जवळून. आवाज बंद.)

आता नुसते ओठ बघा. जीभ बाहेर येते आणि वरच्या ओठाला टेकते. पुन्हा. ही लकब नाही, हे व्यंजन आहे. जिभेचं टोक वरच्या ओठाला लावून उच्चारायची व्यंजनं जगात फार थोड्या भाषांमध्ये आहेत, आणि त्यातल्या बऱ्याच इथल्या सांतो आणि मालेकुला या बेटांच्या भागात. आपल्या वर्णमालेत कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य, ओष्ठ्य अशी सुंदर बैठक आहे. या आवाजाला त्यात खुर्ची नाही. सांतोच्या दक्षिणेला आराकी हे छोटंसं बेट आहे, तिथल्या भाषेतही ही व्यंजनं आहेत, पण ती जुन्या माणसांच्याच तोंडी. आराकी बोलणारे आता हातांच्या बोटांवर मोजण्याइतके.

(दृश्य : ध्वनिमुद्रण. झाडाखाली बसलेला माणूस, समोर आजी.)

हा माणूस कुठल्या विद्यापीठातून आलेला नाही. हा याच गावचा. इथे यांना 'फिल्वोका' म्हणतात. राजधानी पोर्ट व्हिलातल्या सांस्कृतिक केंद्राने १९७० च्या दशकाच्या शेवटी गावोगावची अशी माणसं जोडायला सुरुवात केली. पुढे १९९४ पासून बायकांचं वेगळं जाळं उभं राहिलं. काम बिनपगारी. आपल्या गावच्या गोष्टी, झाडांची नावं, नात्यांचे शब्द गोळा करायचे आणि वर्षातून एकदा राजधानीत जमून मांडायचे. परदेशी अभ्यासक येतात, ग्रंथ लिहितात, ते हवेतच. पण आजी ज्याच्याशी मोकळेपणाने बोलते, तो हा.

(दृश्य : गाउआ बेट. कमरेएवढ्या पाण्यात उभ्या बायका.)

हे पाण्यातलं संगीत. यात वेगळं वाद्य नाही. हात आणि पाणी, बस. तळवा आडवा मारला की एक आवाज, खोल खुपसला की दुसरा. याच बेटावर ओलरात नावाची भाषा होती. तिचा शेवटचा बोलणारा २००९ साली गेला.

(दृश्य : पोर्ट व्हिलाचा बाजार. गर्दी, केळी, तारो.)

आणि ही राजधानी. कानावर पडते ती बिस्लामा. शब्द बहुतेक इंग्रजीचे, पण वाक्याची चाल बेटांची. एकोणिसाव्या शतकात ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडच्या उसाच्या मळ्यांवर या आणि शेजारच्या बेटांवरून हजारो मजूर नेले, काहींना फसवून, काहींना पळवून. वेगवेगळ्या भाषांची माणसं एका फडात आली आणि त्यांचं कामापुरतं बोलणं तयार झालं. परतताना ते त्यांनी बरोबर आणलं. नाव मिळालं समुद्रकाकडी या समुद्री प्राण्याच्या धंद्यावरून, तिच्या 'बेश द मेर' या फ्रेंच नावावरून. १९८० पर्यंत इथे इंग्रज आणि फ्रेंच दोघांचं मिळून राज्य होतं, शाळाही दोन तऱ्हेच्या. स्वतंत्र झाल्यावर देशाने राष्ट्रभाषा म्हणून निवडली ती मळ्यातली ही बोली. गावच्या भाषांना सुरुवातीच्या इयत्तांत जागा देण्याचं धोरण आलं २०१२ साली. शहरातली मुलं बिस्लामातच वाढतायत.

(दृश्य : बाजारातली एक बाई, कानाला फोन, शेजारी मुलगा.)

फोनवर तिची आई आहे, बेटावरून. बोलणं बराच वेळ चालतं. मग ती फोन मुलाच्या कानाला लावते. तो ऐकतो, मान हलवतो, हसतो, आणि आजीला उत्तर देतो बिस्लामात.